तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

ता. ३ मे

प्रिय आत्या,

बातमी आधी सांगतो आणि बाकीचं मग, नाहीतर तू म्हणशील, ढगोबाला आकाशातून खाली यायला नेहमीसारखाच वेळ लागतोय. मला कॉलेजनं मुलाखतीला बोलावलंय. टेकडीवरचं कॉलेज. तेच, ज्यांच्या वाचनालयाच्या खुर्च्या आपल्याकडे विणायला येतात. लहानपणापासून त्यातल्या प्रत्येक खुर्चीत मी बसलोय, पण आपल्या अंगणात. वाचनालय अजून पाहिलेलं नाही.

हे सगळं गणिताच्या मॅडमचं काम. आपल्या वस्तीतल्या मुलांना शाळेत सरसकट हातकामाच्या तुकडीत घालतात, तुला माहीतच आहे. कुणी रागानं घालत नाही. 'तुम्हा नदीपलीकडच्यांचा हात चांगला असतो' असं कौतुकानंच म्हणतात, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? मॅडम मला मधल्या सुट्टीत शिकवतात. पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःचं पुस्तक देऊ केलं तेव्हा मी रीतीप्रमाणे 'नको' म्हटलं. त्यांनी ते सरळ पिशवीत परत ठेवलं आणि मी दिवसभर तोंड पाडून बसलो. आता त्या शहाण्या झाल्यात. काही द्यायचं असलं की एका दमात म्हणतात, "घे, घे, घे." झाली तीनदा विचारणा!

अर्जासोबत निबंध लागतो. मी हौदाबद्दल लिहिलं. वेत भिजत घालायचा आपला हौद. त्यात दुपारी ढग उतरतात आणि वेताच्या भेंडोळ्यांमधून वाट काढत पलीकडच्या कडेला जातात. हवामान कसं ठरतं ते शिकायचंय, असं शेवटी लिहिलं. मॅडम म्हणाल्या, एवढंच पुरे.

एक महत्त्वाचं. वस्तीतून कॉलेजात ये-जा करणं अवघड, बस पूल ओलांडून आपल्याकडे येतच नाही. पण बाहेरच्या एका मुलाला ते जेवणासकट खोली देतात. ती मिळाली तर जमेल. नाही मिळाली तर बाबांशेजारी खुर्च्यांचे सांगाडे विणायला बसायचं. माझ्यासाठी बसायचा ठोकळा बाबांनी कधीच घासून गुळगुळीत करून ठेवलाय.

बाबा यावर काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "बोलले नाहीत म्हणजे आनंद झालाय." बाबा म्हणाले, "बोललो नाही म्हणजे बोललो नाही."

तुझा ढगोबा

---

ता. ९ मे

ढगोबा, माझ्या राजा,

तुझं पत्र मी रंगपटात सगळ्यांना वाचून दाखवलं. राजाचं काम करणारा नट तेव्हा नुसत्या बनियनवर उभा होता, कारण त्याचा अंगरखा माझ्या मांडीवर होता. तो म्हणाला, "तुमच्या भाच्याला म्हणावं, आमच्या नाटकातलं हवामान जरा सुधार." आमच्या मागच्या पडद्यावरचं आकाश विरलंय, ठिकठिकाणी फाटलंय. सध्या मी दिवसभर आकाश शिवतेय. खोटं नाही. निळं कापड अंथरून त्यावर रांगत जाते आणि ढगांना टाके घालते. आपल्या घराण्यात दोघांचंच डोकं ढगात असतं, आणि त्यातल्या एकीला त्याचा पगार मिळतो.

आता नीट ऐक. मुलाखतीला जाताना नखं साफ कर. वेताचा वास जायचा नाही, तो राहू दे. सांगितल्याशिवाय बसू नकोस. आणि हपापल्यासारखं अजिबात करू नकोस. नदीअलीकडच्यांना आधीच वाटतं की हे पलीकडचे लोक दारात आले म्हणजे काहीतरी मागायलाच आले. मान ताठ, आवाज हळू, आणि आपली रीत सोडायची नाही. वस्तीचं नाव तुझ्या हातात आहे.

घरी कुणाला सांगू नकोस, पण मी आत्तापासून स्वप्नं बघायला लागलेय. काल तर तू त्या माझ्या पडद्यावरच्या ढगातून शिडी लावून खाली उतरत होतास, आणि तुझ्या हातात छत्री होती.

आत्या

---

ता. २० मे

प्रिय आत्या,

मुलाखत झाली. फाटकावरच्या रखवालदारानं मला पाहिल्याबरोबर मागच्या दाराकडे बोट दाखवलं, "सामान तिकडून." माझ्या हातात सामान नव्हतंच, पण मी गेलो मागून. एका अर्थी बरंच झालं, कारण ती वाट वाचनालयातून जाते.

आत्या, तू ते बघायला हवंस. खिडक्या इतक्या उंच की त्यातून फक्त आकाशच दिसतं. रस्ता नाही, माणसं नाहीत, काही नाही. उन्हाचे पट्टे जमिनीवर पडलेले आणि त्यात आपल्या खुर्च्या रांगेनं गुपचूप बसलेल्या. मी त्यांना ओळखलं. बाबांच्या विणीत कोपऱ्याला एक जास्तीची गाठ असते, ती मी बोटानं चाचपली. पण त्या तिथे वेगळ्याच वाटत होत्या, शिकायला गेलेल्या भावंडांसारख्या. त्यांनीही मला ओळखलं असावं, पण ओळख दाखवली नाही. मला वाटलं, आपण आत्ता इथे बसलो आणि वर पाहिलं तर खालची जमीन हळूच सुटेल, आणि खिडकीतला तो ढग आपल्याला ओढून नेईल.

मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. निबंध त्यांनी वाचला होता. हौदाची खोली विचारली.

पण ते काही होईलसं दिसत नाही. असो. तेव्हापासून मला सारखं एकच स्वप्न पडतंय. आपल्या अंगणातल्या सगळ्या खुर्च्या पूल ओलांडून टेकडीवर चालल्यात, आणि मी त्यांच्या मागे पळतोय, पण माझ्या पायांत वेत गुंतलाय.

मॅडमना अजून काही सांगितलं नाही. तूही बाबांना काही लिहू नकोस.

ढगोबा

---

ता. २६ मे

ढगोबा,

'होईलसं दिसत नाही' म्हणजे काय? हौदाची खोली विचारणारी बाई नाही म्हणते? मला शेंडी लावतोस? मला सगळं समजलं. नाव विचारलं असेल, मग पत्ता, मग तोंड जरासं लांब झालं असेल. 'बरं बरं, कळवू' म्हणाल्या असतील. हे मी पाहिलंय रे. गोड बोलून दार लावायची कला आहे ती, आवाजसुद्धा होत नाही कडीचा.

मी त्या कॉलेजला पत्र लिहिणार आहे. असं लिहीन की कागदाला चटका बसेल. आणि त्यानंही काही झालं नाही तर मी स्वतः येईन, माझी मोठी कात्री घेऊन, आणि त्या बाईच्या पडद्यांचं काय करायचं ते बघते. हसू नकोस.

रागाच्या भरात मी आज पडद्यावरचा एक ढग उलटा शिवला. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. राहू दे तसाच.

मला सगळं लिही. नाव, गाव, कोण काय म्हणालं. आत्याशी असं मोघम बोलायचं नसतं.

आत्या

---

ता. १४ जून

तायडे,

तुझं पत्र आलं. मुलानं वाचलं आणि खिशात ठेवलं. तो लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. मला लिहिण्याची सवय नाही, सांभाळून घे.

तो कामाला बसला. ठोकळा त्याला बरोबर झाला. हात चांगला आहे, माझ्यापेक्षाही हलका. लोक म्हणतात, नशीबवान आहात, पोरगा लगेच बसला. मीही हो म्हणतो.

पण त्यानं हौदावर फळी टाकलीय. वेत घ्यायचा असला की फळी सरकवतो, घेतो, परत झाकतो. आधी दहा वेळा ओरडावं लागायचं, अरे पाण्यात काय बघतोस, हात चालव. आता ओरडावं लागत नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

कॉलेजनं नाही म्हटलं तर नाही. आपण कुणाच्या दारात दुसऱ्यांदा जात नाही. पण तू लिही त्याला. तुझं ऐकतो.

मी असं लिहिलंय हे त्याला सांगू नकोस.

दादा

---

ता. १९ जून

माझ्या ढगोबा,

मागचं पत्र मी रागानं लिहिलं. ते फाडून टाक. हे मी शांतपणे लिहितेय. प्रयोग संपलाय, मंचावर कुणी नाही, आणि मी त्या शिवलेल्या आकाशाखाली डबा उघडून बसलेय. इथे बसलं की वाटतं, जगात अजून काहीच ठरलेलं नाही.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. आमच्या नाटकवाल्यांना एखादा प्रसंग बिघडला की ते काय करतात माहितेय? कुणी चुकलं असं म्हणत नाहीत. वही काढतात आणि वाचतात, हा काय म्हणाला, ती काय म्हणाली. तसं लिही. बाई काय म्हणाल्या, तू काय म्हणालास. त्यात तुला काय वाटलं ते घालू नकोस. नुसतं बोलणं.

मी कुणाला सांगणार नाही. राजालासुद्धा नाही.

आत्या

---

ता. २४ जून

प्रिय आत्या,

लिहितो. नाटकासारखंच लिहितो.

बाई: निबंध फार आवडला. आम्हाला तू हवा आहेस. राहायला खोली देऊ, जेवणही. येशील ना?

मी: नको, कशाला उगाच.

बाई: बरं. समजू शकते मी. तुमच्याकडच्या मुलांना घरची ओढ असते. मागे दोघं आले होते, तेही परत गेले. मी आग्रह करणार नाही.

मी: (काही नाही.)

बाई: आलास त्याबद्दल आभार. निबंध मी जपून ठेवीन.

संपलं.

आत्या, त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं. पण ते 'नाही' नव्हतं ना, ते पहिलं 'नको' होतं! बाबा नेहमी म्हणतात तसंच, पहिलं नको मानाचं, दुसरं सवयीचं, तिसऱ्याला हात पुढे करायचा. मला इतकं हवं होतं की पहिल्याच फटक्यात हो म्हणायची लाज वाटली. वाटलं, ह्यांना वाटेल पलीकडचा पोरगा झडपच घालतोय.

मी वाट पाहत होतो. त्यांनी फाईल मिटली तेव्हा वाटलं, बाजूला ठेवून विचारतील. उठल्या तेव्हा वाटलं, आता. दारापर्यंत मी किती हळू चाललो सांगू! त्यांनी दार उघडून धरलं, हसल्या, आणि मी बाहेर होतो. वाचनालयातून जाताना वाटलं, मागून हाक येईल. एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थांबलोसुद्धा. मग रखवालदार म्हणाला, "झालं का काम?" मी म्हटलं, "झालं."

बाबांना वाटतंय कॉलेजनं मला नाकारलं. वस्तीत सगळ्यांना तेच वाटतंय. सगळे माझ्या बाजूनं त्या बाईंवर चिडलेत, आणि मी त्यांच्यात गप्प बसतो. हे कसं सांगू? कॉलेजनं नाकारलं म्हटलं की निदान राग तरी येतो. मी चांगला वागलो म्हणून बुडालो, हे कुणाला सांगणार?

ढगोबा

---

ता. २९ जून

अरे वेड्या, अरे माझ्या गुणी बाळा,

पत्र वाचून मी आधी हसले आणि मग इतकी रडले की राजाच्या अंगरख्याला डोळे पुसले. शहाणपण शिकवणारी मीच होते ना? हपापल्यासारखं करू नकोस, रीत सोडू नकोस! आणि तू अक्षरशः तसंच केलंस. एखादा उनाड पोरगा असता तर पास झाला असता.

मी इथे आले तेव्हाचं तुला सांगितलंय का? दुपारी सगळे डबे उघडायचे. म्हणायचे, "घ्या ना आमच्यातलं." मी म्हणायचे, "नको नको, झालंय माझं." आणि ते जेवायला लागायचे! मी शिलाई मशीनच्या मागे बसून वाट बघायचे. उपाशीपोटी किती अंगरखे शिवले असतील कुणास ठाऊक. मनात म्हणायचे, काय उलट्या काळजाची माणसं ही. शेवटी एक दिवस टाका घालता घालता डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा भोवती सगळे डबे. एक जण रडवेला होऊन म्हणाला, "अहो, तुम्ही नको म्हणालात म्हणून आम्ही नाही दिलं!"

तेव्हा कळलं. इथे लोक एकदाच विचारतात. त्यात तुसडेपणा नसतो. त्यांना वाटतं, माणूस मनातलंच बोलतो, आणि पुन्हा विचारणं म्हणजे गळ्यात पडणं. तुझ्या त्या बाई तुझा मान राखत होत्या रे. तू त्यांचा राखत होतास. दोघांनी एवढा मान राखला की मधल्या मध्ये तुझी खोली गेली. आणि मी, हे सगळं अंगावर काढलेली बाई, इतकी वर्षं हो म्हणायची सवय झाल्यामुळे कधीकाळी नको म्हणत होते हेच विसरले.

आता काय करायचं ते सांगते. दादा म्हणेल, आपण दुसऱ्यांदा दारात जात नाही. बरोबर आहे, बोलावल्याशिवाय नाही जात. पण तुला बोलावलं होतं! आमंत्रण अजून तुझ्या खिशात पडून आहे. तुला बाईंनी तीनदा विचारायला हवं होतं. त्यांना रीत माहीत नाही. तुला माहीत आहे, तर तू विचार. तीनदा. आपल्यात तिसऱ्यांदा विचारलेल्याला कुणी रिकाम्या हाती पाठवत नाही. बघू त्यांच्यात काय करतात.

पण आधी तालीम. हौदावरची फळी काढ (कुणी सांगितलं विचारू नकोस), पाण्यापुढे उभा राहा आणि म्हण, 'मला हवंय.' पहिल्यांदा जीभ जड होईल. आपल्या वस्तीच्या बोलीत तर हे वाक्य कधी बोललंच जात नाही. तरी म्हण. पाणी हललं पाहिजे.

सोबत एक पिशवी पाठवतेय, पुस्तकांसाठी. जुन्या आकाशाचा तुकडा उरला होता. खालच्या बाजूला जो ढग आहे तो उलटा आहे. तो तुझाच.

आणि बापाला सगळं खरं सांग. तो ओरडणार नाही.

आत्या

---

ता. ८ जुलै

प्रिय आत्या,

बाबांना सांगितलं. ते वीण घालत होते. ऐकून घेतलं, एक ओळ पूर्ण केली आणि म्हणाले, "'कशाला उगाच' म्हणालास?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "मीही तेच म्हटलं असतं." आणि मग उठून त्यांनी स्वतः हौदावरची फळी काढली. तालीम करायला सोपं जावं म्हणून आई भांडी आपटत आत निघून गेली. 'मला हवंय' म्हणायला मला अख्खी दुपार लागली. ढग येऊन येऊन ऐकून गेले.

काल कॉलेजच्या काही खुर्च्या पोचवायच्या होत्या. बाबांनी त्या सायकलीला बांधल्या, तुला आठवत असेल, मागून बघितलं की सायकल न दिसता खुर्च्याच रस्त्यानं चालल्यासारख्या दिसतात. माझ्या खांद्याला तुझी आकाशाची पिशवी. पुलावर वारा होता. मला वाटलं, हे आपलंच स्वप्न चाललंय, फक्त या वेळी पाय मोकळे आहेत.

मागच्याच दारानं गेलो. बाबा खुर्च्या उतरवायला थांबले, मी बाईंच्या दारावर टकटक केलं.

म्हटलं, "मला इथे शिकायचंय."

बाईंनी मला ओळखलं. म्हणाल्या, "अरे, पण तू नाही म्हणालास. खोली मी दुसऱ्या मुलाला दिली."

माझे कान तापले. त्या क्षणी परत फिरलो असतो तर कुणी मला वाईट म्हटलं नसतं. मी पिशवीचा बंद घट्ट धरला आणि म्हटलं, "खोली नसली तरी मला शिकायचंय."

"रोज नदीपलीकडून? नाही रे झेपत. थंडी पडली की मुलं गळतात, आमचा अनुभव आहे. तुला आत्ता हो म्हणून नंतर दुखवायचं मला जमणार नाही."

आत्या, त्या खरंच चांगल्या आहेत. म्हणूनच जास्त अवघड होतं.

मी तिसऱ्यांदा म्हटलं, "मला हवंय." आवाज मोठा निघाला. आपल्या बोलीतच निघाला, बघ. त्यांना शब्द कळले नसतील, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. मला विचारलं, "मग त्या दिवशी नको का म्हणालास?"

मी सगळं सांगितलं. पहिलं मानाचं, दुसरं सवयीचं, तिसरं खरं. दारापर्यंत हळू चाललो तेही सांगितलं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी आलेली ती दोघं. परत जाताना मी त्यांना म्हटलं होतं, थांबा. एकदाच म्हटलं होतं." मग टेबलाशी आल्या. वर्गातल्या मुलांची यादी काढली आणि शेवटच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. खोलीचं आत्ता काही करता येत नाही, पुढे एखादी रिकामी झाली तर पाहू, तोवर येण्याजाण्याचं कसं करशील, म्हणाल्या.

"सायकल याची," दारातून आवाज आला.

बाबा होते. खांद्यावर खुर्ची, केसांत वेताचे धागे. मी म्हटलं, "आणि खुर्च्या?" तर म्हणाले, "हातगाडी आहे. खुर्च्यांना वर्गात वेळेवर पोचायचं नसतं." ती सायकल ते मला धुवायलासुद्धा देत नाहीत, तुला माहीत आहे.

बाईंनी त्यांच्या हातून खुर्ची घेतली, टेबलासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "बसा ना."

बाबा म्हणाले, "नको."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा म्हणाल्या, "बसा."

"नको, कशाला उगाच. कामं आहेत."

बाई हसल्या नाहीत. खुर्ची जरा पुढे सरकवली, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि आपल्या घरातल्या कुणीतरी म्हणावं तसं तिसऱ्यांदा म्हणाल्या, "बसा ना."

आत्या, जन्मभर त्या खुर्च्या विणल्या त्यांनी. बाबा बसले.

तुझा ढगोबा